समुद्रात मोठी तेलगळती झाली तर जबाबदार कोण: तेल कंपनी, रिगवाला की ड्यूटीवरचा माणूस?

प्रश्न चोपड्याहून आला आहे. भाचा डिप्लोमा करून ठेकेदारामार्फत मुंबई हायच्या एका रिगवर लागला. घरात २०१० साली अमेरिकेत झालेल्या डीपवॉटर होरायझनच्या स्फोटाचा विषय निघाला आणि मामांनी विचारलं: एवढी गळती झाली तर शेवटी जबाबदार कोण? तेल कंपनी, रिग भाड्यानं देणारा, सिमेंटवाला, परवानगी देणारं सरकार, की त्या वेळी ड्यूटीवर असलेला माणूस? आणि आमच्या पोरावर काय येऊ शकतं?

भाऊ, थोडक्यात सांगतो. लोकांच्या नुकसानीला सगळ्यात आधी ऑपरेटर, म्हणजे विहीर ज्याची ती तेल कंपनी, उत्तर देतो. कंपन्यांचा आपसातला हिशेब करारावर होतो. शिक्षा मात्र ज्यानं त्यानं काय केलं यावर ठरते. हे तीन वेगळे प्रश्न आहेत. टीव्हीवर ते एकत्र कालवले जातात, म्हणून ‘सगळे एकमेकांवर ढकलतात’ एवढंच ऐकणाऱ्याच्या हाती लागतं.

ऑपरेटर कोण, हे यावल-रावेरकडे बोअर घेताना जे चालतं त्यावरून लगेच कळेल. गाडी बोअरवाल्याची, माणसं त्याची, दर फुटावर. पण जागा कोणती, किती फुटांवर थांबायचं, केसिंग किती टाकायचं हे शेतमालक ठरवतो. समुद्रातही रिग भाड्याची असते, फक्त दर दिवसावर असतो. विहिरीचा आराखडा, केसिंगचे टप्पे, सिमेंट, मड (खणताना विहिरीत भरतात तो जड चिखल, त्याच्या वजनानं खालचं तेल-गॅस दाबून राहतं) किती जड ठेवायचं, हे सगळं ऑपरेटर ठरवतो. रिगवर त्याचा प्रतिनिधी बसतो, त्याला ‘कंपनी मॅन’ म्हणतात. टूलपुशर, ड्रिलर, डेरिकमन, रफनेक ही रिगमालकाची माणसं. सिमेंट तिसऱ्या कंपनीचं, मड चौथ्या, लॉगिंग, म्हणजे विहिरीत उपकरणं सोडून मोजमाप घेणं, पाचव्या. तुमचा भाचा यातल्या कोणत्या कंपनीच्या पगारपत्रकावर आहे, हे घरच्यांनी आधी नीट पाहून ठेवावं. पुढे त्याची गरज पडते.

डीपवॉटर होरायझन ही रिग ट्रान्सओशनची, मेक्सिकोच्या आखातातली मकाँडो विहीर बीपीची, सिमेंट हॅलिबर्टनचं आणि तळावर बसवलेलं बीओपी, म्हणजे ब्लोआउट प्रिव्हेंटर (विहिरीतून तेल-गॅस बेकाबू उसळलं, म्हणजे ब्लोआउट झाला, तर विहीर बंद करणारं यंत्र), कॅमेरॉनच्या बनावटीचं. विहिरीतही बीपी एकटी नव्हती. ६५ टक्के हिस्सा तिचा, २५ टक्के अनाडार्कोचा, १० टक्के मोएक्सचा. २० एप्रिल २०१० च्या रात्री पावणेदहाच्या सुमारास स्फोट झाला, ११ माणसं गेली, २२ तारखेला रिग बुडाली आणि सुमारे १,५०० मीटर खोल तळावरून १५ जुलैपर्यंत, ८७ दिवस तेल येत राहिलं. कोर्टानं धरलेला आकडा असा: समुद्रात गेलेलं तेल ३१ लाख ९० हजार बॅरल. एक बॅरल म्हणजे १५९ लिटर, तेव्हा हे ५० कोटी लिटरच्या पुढे जातं.

जबाबदारीची टक्केवारी कळायला त्या शेवटच्या दिवसाचं काम जवळून पाहावं लागतं. विहीर खणून झाली होती. आता ती तात्पुरती बंद करून रिग हलवायची आणि नंतर दुसऱ्या साधनानं उत्पादन घ्यायचं, असं ठरलं होतं. काम ठरल्यापेक्षा सहा आठवडे मागे पडलं होतं आणि एकट्या रिगचं भाडं दिवसाला पाच लाख डॉलरच्या आसपास होतं. प्रत्येक निर्णयावर हे ओझं दिसतं.

शेवटची केसिंग उतरवताना पाइप भोकाच्या मधोमध राहावा म्हणून त्याला सेंट्रलायझर लावतात. पाइप एका बाजूला टेकला तर सिमेंट रुंद बाजूनं वर चढतं, अरुंद बाजूला जुनं मड तसंच राहतं आणि तीच गॅसची वाट बनते. हॅलिबर्टनच्या संगणकी हिशेबानं २१ सेंट्रलायझर सांगितले होते. रिगवर ६ होते. आणखी १५ हेलिकॉप्टरनं आणवले, पण ते चुकीच्या प्रकारचे आहेत असं समजून वापरलेच नाहीत. सिमेंट हलकं करायला त्यात नायट्रोजनचा फेस मिसळला होता, आणि तो फेस टिकत नाही असं हॅलिबर्टनच्याच प्रयोगशाळेतल्या चाचण्यांत दिसलं होतं. सिमेंट धरलं की नाही हे पाहणारी बॉंड लॉग चाचणी करायला श्लंबर्जर या लॉगिंग कंपनीची माणसं रिगवर हजर होती. २० तारखेच्या सकाळी त्यांना चाचणी न करताच परत पाठवलं. तिचा खर्च होता सुमारे १ लाख २८ हजार डॉलर.

तरीही एवढ्यावर विहीर उडाली नसती. खरी घसरण निगेटिव्ह प्रेशर टेस्टमध्ये झाली. ही चाचणी अशी असते: आतलं जड मड काढून त्या जागी हलकं समुद्राचं पाणी भरायचं, वरचा दाब शून्यावर आणायचा, व्हॉल्व्ह बंद करून थांबायचं. सिमेंट घट्ट असेल तर काहीच होत नाही. दाब पुन्हा चढला किंवा पाणी वाहू लागलं, तर खालून काहीतरी आत येतंय. त्या दिवशी ड्रिल पाइपवरचा दाब पुन्हा पुन्हा शून्यावर आणला, आणि दर वेळी तो परत चढला. शेवटी १,४०० पीएसआयवर (पीएसआय हे दाबाचं माप) जाऊन बसला. मग चाचणी किल लाइनवर, म्हणजे बीओपीपासून रिगपर्यंत येणाऱ्या बाजूच्या बारीक पाइपवर, घेतली. तिथं अर्धा तास काही वाहिलं नाही, म्हणून ‘पास’ ठरवली. पण ड्रिल पाइप आणि किल लाइन दोन्ही एकाच विहिरीत उघडतात. एकीवर १,४०० आणि दुसरीवर शून्य असेल, तर त्यातली एक तुंबलेली तरी आहे किंवा तिचा व्हॉल्व्ह तरी बंद आहे. आधीच्या कामातून उरलेला दाट पदार्थ स्पेसर म्हणून, म्हणजे मड आणि पाणी वेगळं ठेवायला, विहिरीत टाकला होता, तो किल लाइनमध्ये अडकला असण्याची शक्यता चौकशीत नोंदवली गेली. रिगवर मात्र ‘ब्लॅडर इफेक्ट’ (वरच्या जड मडच्या भारानं दाब दिसतो) असं कारण पुढे आलं आणि मान्यही झालं. असा कोणताही परिणाम तिथं घडू शकत नव्हता. ट्रान्सओशनच्या माणसांनी तो अर्थ काढला आणि बीपीच्या माणसांनी तो स्वीकारला. दोघांची जबाबदारी इथंच गुंतली.

त्यानंतर वरचा सिमेंटचा प्लग, म्हणजे बूच, बसवण्याआधीच मड काढून पाणी भरणं सुरू झालं. रात्री साधारण ८:५२ पासून विहीर तेल-गॅस आत घेऊ लागली. ९:०८ ला पंप बंद होते तरी ड्रिल पाइपचा दाब वाढत होता. पंप बंद असताना दाब वाढणं ही किकची, म्हणजे तेल-गॅस विहिरीत घुसल्याची, सरळ खूण आहे, पण कुणी काम थांबवलं नाही. मड वर उसळलं तेव्हा प्रवाह थेट समुद्राकडे सोडायची सोय होती, पण तो डेकवरच्या मड-गॅस सेपरेटरकडे वळवला गेला आणि गॅस रिगवर पसरला. बीओपी चालवणाऱ्या दोन कंट्रोल पॉडपैकी एकाची बॅटरी उतरलेली, दुसऱ्यात सोलेनॉइडची (विजेवर चालणाऱ्या व्हॉल्व्हची) वायर चुकीची जोडलेली. पाइप वाकून कडेला गेला होता, त्यामुळे ब्लाइंड शिअर रॅमला, म्हणजे बीओपीतल्या कापणाऱ्या पात्यांना, तो पूर्ण कापून विहीर बंद करता आली नाही.

४ सप्टेंबर २०१४ रोजी न्यू ऑर्लिन्सचे फेडरल न्यायाधीश कार्ल बार्बिए यांनी वाटणी केली: बीपी ६७ टक्के, ट्रान्सओशन ३०, हॅलिबर्टन ३. कॅमेरॉनला आधीच मोकळं केलं होतं. हॅलिबर्टनला ३ टक्के फारच कमी, असं बऱ्याच जणांना वाटतं. मला ती वाटणी बरोबर वाटते. सिमेंट वाईट असू शकतं, हे गृहीत धरूनच चाचण्या असतात. लॉग रद्द करणं, टेस्टचा उलटा अर्थ लावणं आणि तरीही पुढे जाणं हे अधिकार ज्यांच्या हातात होते, त्यांच्याकडेच मोठा वाटा जायला हवा.

बीपीच्या बाबतीत कोर्टानं ‘घोर निष्काळजी’ असा शेरा मारला, आणि पैशाच्या दृष्टीनं तो टक्केवारीपेक्षा महाग पडणारा होता. अमेरिकी जलप्रदूषण कायद्यात साध्या चुकीला बॅरलमागे १,१०० डॉलरपर्यंत दंड होता, घोर निष्काळजीला ४,३०० पर्यंत. तेवढ्याच तेलावर ३५१ कोटी डॉलरची कमाल मर्यादा १,३७२ कोटींवर गेली. तडजोडीत हा दंड ५५० कोटींवर ठरला आणि सरकार व राज्यांबरोबरचा एकूण समेट २,०८० कोटी डॉलरचा झाला. सगळं धरून बीपीला ६,५०० कोटी डॉलरहून जास्त मोजावे लागले. १९९० च्या तेल प्रदूषण कायद्यात तेव्हा समुद्रातल्या विहिरीसाठी भरपाईची मर्यादा फक्त साडेसात कोटी डॉलर होती, तेल साफ करण्याचा खर्च वेगळा. बीपीनं ती मर्यादा सोडून दिली. नाहीतर कोळंबीवाल्या छोट्या बोटमालकाला आधी निष्काळजी सिद्ध करत बसावं लागलं असतं.

नुसते पैसे गुंतवलेले भागीदारही सुटले नाहीत. अनाडार्कोनं बीपीला ४०० कोटी डॉलर दिले, मोएक्सनं १०० कोटींहून जास्त.

आता कराराकडे. रिगच्या करारात एक पद्धत जगभर चालते: तुझी माणसं आणि तुझं सामान तू सांभाळ, माझं मी सांभाळतो, चूक कुणाचीही असो. प्रदूषणातही तसंच. रिगच्या टाकीतून डिझेल सांडलं तर रिगमालकाचं, विहिरीतून तेल आलं तर ऑपरेटरचं. बार्बिए यांनी जानेवारी २०१२ मध्ये हे कलम भरपाईपुरतं मान्य केलं, पण सरकारी दंडाला आणि शिक्षा म्हणून लावलेल्या रकमेला ते लागू होत नाही, असंही सांगितलं. करारानं पैसे हलवता येतात, गुन्हा हलवता येत नाही. शिवाय करार कंपन्यांमधला असतो. नुकसान झालेल्या मच्छिमाराला ‘आमच्या कलमात असं लिहिलंय’ म्हणून परत पाठवता येत नाही.

सरकारचं काय? परवानगी देणारं अमेरिकी खातं एकाच वेळी तेलाची रॉयल्टी गोळा करायचं आणि सुरक्षाही पाहायचं. निगेटिव्ह टेस्ट कशी घ्यायची, याचा नियमच तेव्हा नव्हता. दुर्घटनेनंतर ते खातं मोडून तीन वेगळ्या संस्था केल्या. आपल्याकडे समुद्रातल्या कामासाठी २००८ चे सुरक्षा नियम आहेत आणि देखरेख ओआयएसडी, म्हणजे ऑइल इंडस्ट्री सेफ्टी डायरेक्टोरेट करतं. ते पेट्रोलियम मंत्रालयाच्या हाताखाली आहे, ओएनजीसीही त्याच मंत्रालयाची. खणणारा आणि तपासणारा एकाच छताखाली असणं मला धोक्याचं वाटतं. अमेरिकेनं ११ माणसं गमावल्यावर हे वेगळं केलं, आपण त्याआधी करायला हवं.

भारतात कायदा काय धरतो? जहाज आणि विहीर यांतला फरक आधी लक्षात घ्या. टँकर फुटला तर जहाजमालकाची जबाबदारी, तिची कमाल मर्यादा, वरचा आंतरराष्ट्रीय निधी, हे सगळं १९९२ च्या करारांत ठरलेलं आहे. विहिरीतून झालेल्या गळतीच्या भरपाईसाठी असा जागतिक करारच नाही. तिथं देशाचाच कायदा लागतो, आणि आपला कायदा याबाबत कडक आहे. दिल्लीतल्या श्रीराम कारखान्याच्या वायुगळतीवरून सुप्रीम कोर्टानं १९८६ मध्ये संपूर्ण जबाबदारीचं तत्त्व सांगितलं: धोक्याचा धंदा करणाऱ्यानं चूक केली की नाही हा प्रश्नच नाही, नुकसान झालं की भरपाई द्यायची, आणि उद्योग जितका मोठा तितकी भरपाई मोठी. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या २०१० च्या कायद्यात कलम १७ मध्येही ‘चूक नसली तरी’ हेच आहे.

ठेकेदारावर ढकलण्याचं ताजं उदाहरण आसामचं आहे. ऑइल इंडियाच्या बागजान येथील ५ नंबरच्या विहिरीवर, भाड्याच्या रिगवर काम सुरू असताना २७ मे २०२० रोजी ब्लोआउट झाला. सिमेंट प्लग पुरता धरला आहे की नाही हे न पाहता बीओपी काढलं गेलं होतं. ९ जूनला आग लागली, दोन अग्निशामक जवान गेले, आग नोव्हेंबरमध्ये विझली. ठेकेदाराकडे बोट दाखवून ऑइल इंडियाला जबाबदारी झटकता येणार नाही, असं हरित न्यायाधिकरणानं म्हटलं. मुंबईजवळ ऑगस्ट २०११ मध्ये बुडालेल्या ‘एमव्ही रॅक’ या कोळशाच्या जहाजाच्या प्रकरणात न्यायाधिकरणानं २०१६ मध्ये जहाजवाल्यांवर १०० कोटी रुपये आणि मालाचे मालक असलेल्या अदानी एंटरप्रायझेसवर ५ कोटी बसवले.

गळती आवरायचं काम तटरक्षक दल एकत्र बांधतं. ७०० टनांपर्यंतच्या गळतीची सोय ऑपरेटरनं स्वतःजवळ तयार ठेवायची, ७०० ते १०,००० टनांसाठी विभागातली मदत, त्यापुढे देशाबाहेरची. मकाँडोचं तेल चार लाख टनांच्या पुढे होतं, म्हणजे पहिल्या दोन पायऱ्या तिथं कामाच्याच नव्हत्या.

आपल्या खानदेशात समुद्र नाही, तापी हजिऱ्याला जाऊन मिळते तेवढाच संबंध. पण भरपाई मागायची रीत सगळ्यांना सारखी आहे. पानेवाडीच्या डेपोतून निघालेला टँकर लळिंग घाटात उलटून कुणाच्या विहिरीत डिझेल झिरपलं, तरी अर्ज पुण्याच्या हरित न्यायाधिकरणातच करायचा. मुदत ५ वर्षं. फी मागितलेल्या रकमेच्या १ टक्का, किमान १,००० रुपये. दारिद्र्यरेषेखालच्याला फी नाही. प्रकरण बहुतेक वेळा पुराव्यावर अडतं. तेलाचा नमुना प्लॅस्टिकमध्ये घेऊ नका, कारण तेल त्यातलं रसायन ओढून घेतं. स्वच्छ काचेची बाटली, घट्ट झाकण, उन्हापासून दूर, थंड जागी. तीन बाटल्या भरा, पंचनाम्यावर तारीख-वेळ घाला, सील करा. प्रत्येक साठ्याच्या तेलाची रासायनिक ओळख वेगळी असते, त्यामुळे तेल कुठून आलं हे प्रयोगशाळेत जुळवता येतं. नुकसान दाखवायला आधीच्या दोन-तीन वर्षांच्या विक्रीच्या पावत्या लागतात.

ऑस्ट्रेलियाच्या हद्दीतली मोंटारा विहीर २१ ऑगस्ट २००९ ला फुटली, ऑपरेटर पीटीटीईपी. तेल इंडोनेशियाच्या बाजूला समुद्रशैवाल पिकवणाऱ्या गरीब शेतकऱ्यांपर्यंत गेलं. कंपनी म्हणत होती, तिथवर तेल पोचून नुकसान झालंच नाही. शेतकऱ्यांनी तेल कधी दिसलं, पीक कसं पांढरं पडून मेलं, हे गावागावांतून साक्षीत सांगितलं. २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या कोर्टानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला आणि २०२२ मध्ये १९ कोटी २५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरवर समेट झाला. परक्या देशातल्या, हजारो छोट्या माणसांनी मिळवलेले हे पैसे आहेत. तेरा वर्षं लागली, तेवढी लागायला नको होती.

राहिला तुमचा भाचा. मकाँडोच्या दोन कंपनी मॅनवर २०१२ मध्ये सदोष मनुष्यवधाचे आरोप ठेवले. २०१५ मध्ये सरकारनंच ते मागे घेतले. एकानं प्रदूषणाचा किरकोळ गुन्हा कबूल केला, त्याला प्रोबेशन मिळालं. दुसऱ्याला २०१६ मध्ये ज्यूरीनं निर्दोष सोडलं. भरपाई सहसा साध्या कामगाराकडून मागितली जात नाही, कारण नोकराच्या कामातल्या चुकीचे पैसे मालक देतो. फौजदारी प्रकरण वेगळं: खोटी नोंद, न केलेल्या चाचणीवर सही, बंद करून ठेवलेला अलार्म, पुसलेला रेकॉर्ड, यातलं काही माणसाच्या नावावर निघालं तर मालक पाठीशी राहत नाही. हॅलिबर्टननं स्फोटानंतरच्या संगणकी चाचण्यांचे निकाल पुसले, त्यासाठी तिला २०१३ मध्ये गुन्हा कबूल करावा लागला.

म्हणून त्याला एवढं सांगा. काम थांबवण्याचा अधिकार रिगवर प्रत्येकाला असतो. तो वापरला की वेळ, दाब आणि कुणाला सांगितलं हे शिफ्टच्या नोंदवहीत उतरवायचं. पिटमधलं, म्हणजे रिगवरच्या टाकीतलं, मड विनाकारण वाढलं, पंप बंद असूनही विहीर वाहत राहिली, तर आधी ड्रिलरला ओरडून सांगायचं, कारण नंतर शोधायचं. शिफ्ट बदलताना अर्धवट चाचणी तोंडी सोपवायची नाही, आकडे कागदावर द्यायचे. वेल कंट्रोलचं सर्टिफिकेट त्याच्या पदाला लागू असेल, तर त्याची मुदत संपू द्यायची नाही.

आणि घरच्यांसाठी एक बाब. हरित न्यायाधिकरणाच्या कलम १७ मध्ये मृत्यू-जखमेच्या भरपाईतून कामगार वगळला आहे. त्याला स्वतःला काही झालं तर मार्ग कामगार भरपाईच्या कायद्याचा, आणि तिथं ठेकेदारानं हात वर केले तरी मुख्य मालकाकडे मागता येतं. त्यासाठी तो त्या मालकाच्या कामावर होता हे दाखवावं लागतं. नेमणूकपत्र, वर्क ऑर्डरचा नंबर, पीएफचा यूएएन, विम्याची प्रत आणि प्रत्येक फेरीच्या हेलिकॉप्टर किंवा बोटीच्या प्रवासी यादीचा फोटो चोपड्याच्या घरी ठेवा, आणि पीएफला व विम्याला वारसाचं नाव लागलं आहे का, ते याच सुट्टीत बघून घ्या.